द्रावणात पहिला स्फटिक केव्हा आणि कुठे जन्मतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गरम पाण्यात मोरचूद विरघळवले, द्रावण गाळले आणि दोन सारख्या भांड्यांत ओतून शेजारी-शेजारी निवत ठेवले. एका भांड्यात रातोरात तळाशी निळ्या बारीक कणांचा थर बसला. दुसरे भांडे स्वच्छच राहिले, आणि दोन दिवसांनी ते जरा सरकवताच त्यातही तसाच चुरा पडला. हवा होता एकच मोठा, नितळ स्फटिक. तो कुठेच मिळाला नाही. मग स्फटिकाची सुरुवात नेमकी कशाने होते, आणि ती आपल्या हातात असते का?

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. स्फटिक जन्माला येणे ही एक घटना आहे आणि जन्मलेला स्फटिक वाढणे ही दुसरी. दोन्हींना एकच खाद्य लागते, ते म्हणजे द्रावणातला जास्तीचा पदार्थ. परंतु ते खाद्य किती असले की कोणती घटना घडते, याचे हिशेब निरनिराळे आहेत. औषधांच्या कच्च्या मालाचे स्फटिकीकरण हे माझे रोजचे काम आहे, आणि त्यात बिघडलेल्या बॅचचे मूळ शोधताना बहुतेक वेळा वाढीत नव्हे तर या पहिल्या घटनेत दोष सापडतो. म्हणून उत्तराचा मोठा भाग तिच्यावरच खर्च करतो. तुमच्या भांड्यात अमुक तापमानाला अमुक वेळी सुरुवात होईल, असे मात्र कोणालाही दुरून सांगता येणार नाही. ते पदार्थावर, द्रावकावर, त्यातल्या अशुद्धीवर, द्रावणाच्या आकारमानावर, भांड्याच्या पृष्ठभागावर, निवण्याच्या वेगावर आणि ढवळण्यावर अवलंबून असते.

आधी आकडे पाहू. १०० ग्रॅम पाण्यात ६० अंश सेल्सियसला स्फटिकरूप मोरचूद सुमारे ६२ ग्रॅम विरघळते, २० अंशांना सुमारे ३२ ग्रॅम. म्हणजे ६० अंशांना संपृक्त केलेले द्रावण काहीही खाली न बसता २० अंशांपर्यंत निवले, तर त्यात मावायला हवे त्याच्या जवळजवळ १.९ पट मोरचूद असते. या गुणोत्तराला अतिसंपृक्ततेचे प्रमाण म्हणतात आणि पुढची सगळी कहाणी त्याच्याभोवती फिरते. (साध्या मिठाची विद्राव्यता २० अंशांना ३६ ग्रॅम आणि १०० अंशांना ३९ ग्रॅमच्या आसपास असते. मीठ नुसते निववून फारसे काही हाती लागत नाही, तिथे पाणी उडवावेच लागते.)

आता प्रश्न असा की मावण्यापेक्षा जास्त पदार्थ आत असूनही तो लगेच बाहेर का पडत नाही? याचे उत्तर पृष्ठभागात आहे. स्फटिकाच्या आतला कण चहूबाजूंनी आपल्यासारख्याच कणांनी वेढलेला असतो; त्याची ऊर्जा कमी झालेली असते, तो स्थिरावलेला असतो. पृष्ठभागावरच्या कणाचे काही बंध मात्र द्रावणाकडे उघडे पडलेले असतात आणि ती उणीव ऊर्जेच्या रूपाने भरावी लागते. समजा, कण घनाकृती रचनेत बसले आहेत आणि प्रत्येक बाजूवर १०० कण आहेत. एकूण दहा लाख कणांपैकी पृष्ठभागावर सुमारे ५९ हजार, म्हणजे सहा टक्केही नाहीत. बाजू १० कणांची असेल तर १००० पैकी ४८८ पृष्ठभागावर येतात. बाजू ५ कणांची असेल तर १२५ पैकी ९८. आणि ३ कणांची असेल तर २७ पैकी २६. आत राहतो तो एकटाच. स्फटिक व्हायचे तर सुरुवात या अगदी लहान आकारांपासूनच करावी लागते, आणि तिथे जवळजवळ सगळेच कण पृष्ठभागावर असल्यामुळे एकत्र येण्यात फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो.

म्हणून अतिसंपृक्त द्रावणात सतत काय चाललेले असते, तर कण योगायोगाने एकत्र येतात, चार-दहांचा पुंजका होतो आणि पुन्हा विखुरतो. पुंजका मोठा होत जातो तसतसे आकारमान बाजूच्या घनाने वाढते आणि पृष्ठभाग वर्गाने, त्यामुळे एका ठरावीक आकारानंतर पारडे फिरते आणि पुढचा प्रत्येक कण जोडला जाणे फायद्याचे ठरते. या उंबरठ्यावरच्या पुंजक्याला क्रांतिक केंद्रक म्हणतात. त्याच्यापेक्षा लहान पुंजका विरघळण्याचीच शक्यता अधिक, मोठा असेल तर वाढण्याची. त्यात सामान्यतः काही दहा ते काही शेकडो रेणू असतात, म्हणजे तो कोणत्याही साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर असतो. ज्याला आपण ‘पहिला दाणा’ म्हणतो तो डोळ्यांना दिसतो तेव्हा त्याचा जन्म होऊन बराच काळ लोटलेला असतो.

या विचाराचा पाया जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात घातला. त्याला वेगाच्या गणिताचे रूप १९२६ मध्ये फोल्मर आणि वेबर यांनी व पुढे १९३५ मध्ये बेकर आणि ड्योरिंग यांनी दिले. त्या गणितातली एक गोष्ट प्रत्यक्ष कामात फार उपयोगी पडते. केंद्रक तयार होण्यातला ऊर्जेचा अडथळा अतिसंपृक्ततेच्या लॉगॅरिदमच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. प्रमाण १.०५ वरून १.१० वर गेले, तर अडथळा जवळजवळ एक चतुर्थांशावर येतो. हा अडथळा पुन्हा घातांकात बसलेला असल्यामुळे परिणाम नुसता चौपट होत नाही. रेणूंच्या उष्णताजन्य ऊर्जेच्या एककात अडथळा आधी ८० असेल आणि नंतर २१ झाला, तर केंद्रके जन्मण्याचा वेग एकावर पंचवीस शून्ये इतक्या पटींनी वाढतो. म्हणूनच द्रावण बराच वेळ काहीच न घडता निवत जाते आणि मग एक-दोन अंशांच्या फरकाने एकदम गढूळ होते. मधली सौम्य अवस्था, ज्यात दोन-चार केंद्रके निवांत जन्मतील, ती इतकी अरुंद असते की हाताने साधता येत नाही.

या गणितात पृष्ठभागाची ऊर्जा तर थेट घनाने येते. सहज विरघळणाऱ्या क्षारांची पृष्ठऊर्जा द्रावणात तुलनेने कमी असते आणि थोड्या अतिसंपृक्ततेवर त्यांचे भागते. बेरियम सल्फेटसारख्या जवळजवळ न विरघळणाऱ्या क्षाराला स्वच्छ द्रावणात केंद्रके धरायला संपृक्ततेच्या शेकडो पट प्रमाण लागू शकते. तेव्हा एका पदार्थावरचा अनुभव दुसऱ्याला लावताना जपून.

द्रावण संपृक्ततेची रेषा ओलांडून गेले आहे, पण आपणहून केंद्रके धरत नाही, असा जो मधला पट्टा असतो त्याला आम्ही अर्धस्थिर पट्टा म्हणतो. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८९७ मध्ये अशा अर्धस्थिर आणि त्यापलीकडच्या अस्थिर द्रावणांत भेद केला होता. हा पट्टा किती रुंद असू शकतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे हात शेकण्याच्या पिशवीतले सोडियम अ‍ॅसिटेट. त्याचा जलयुक्त स्फटिक ५८ अंशांना वितळतो, तरी एकदा पूर्ण वितळलेली पिशवी नेहमीच्या तापमानाला कितीतरी काळ द्रवरूपात राहते आणि आतली धातूची चकती दाबताच काही सेकंदांत गोठून गरम होते. मात्र या पट्ट्याची संपृक्ततेकडची कड निसर्गाने आखून दिलेली असली, तरी दुसरी कड तशी पक्की नसते. हळू निववले तर ती जवळ येते, भराभर निववले तर दूर जाते. ढवळले तर जवळ येते. द्रावणाचे आकारमान मोठे असले तरीही जवळ येते, कारण अधिक द्रावणात कुठेतरी एक केंद्रक जन्मण्याची शक्यता अधिक. दोन सारख्या भांड्यांत वेगवेगळे घडण्याचे पहिले कारण हेच आहे. केंद्रक जन्मणे ही संभाव्यतेच्या हिशेबाने घडणारी घटना आहे आणि लहान भांड्यांत, जिथे पहिले एक केंद्रकच पुढचे सगळे ठरवते, तिथे वेळेतला फरक तासांचाच काय, दिवसांचाही असू शकतो.

दुसरे कारण अधिक रोजच्या ओळखीचे आहे, ते म्हणजे धूळ. आतापर्यंतचा सगळा हिशेब पूर्ण शुद्ध द्रावणाच्या पोटात, कशाचाही आधार न घेता जन्मणाऱ्या केंद्रकाचा होता. प्रत्यक्षात असे जवळजवळ कधीच होत नाही. भांड्याची भिंत, दोऱ्याचा धागा, हवेतला कण, अशा एखाद्या परक्या पृष्ठभागावर केंद्रक बसले, तर त्याला स्वतःचा पूर्ण पृष्ठभाग नव्याने उभा करावा लागत नाही. एक बाजू आयती मिळते. केंद्रक त्या पृष्ठभागावर ९० अंशांचा स्पर्शकोन (केंद्रकाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; तो जितका लहान तितके केंद्रक अधिक पसरून चिकटलेले) करत असेल तर अडथळा निम्मा होतो, आणि ३० अंशांचा करत असेल तर मूळच्या जेमतेम सव्वा टक्का उरतो. खाच किंवा ओरखडा असेल तर फायदा आणखी वाढतो, कारण तिथे केंद्रकाला दोन-तीन बाजूंनी आधार मिळतो. प्रयोगशाळेत द्रावण हट्टाला पेटले की आम्ही काचकांडीने चंचुपात्राची आतली भिंत घासतो. त्यामागे ताजा खरबरीत पृष्ठभाग आणि काचेचे बारीक कण पुरवणे हाच मुख्य हेतू असतो, जरी घासण्याच्या धक्क्याचाही त्यात वाटा असावा.

धुळीचा वाटा किती मोठा असतो हे १९५० च्या सुमारास डेव्हिड टर्नबुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळलेल्या धातूंवर दाखवले. त्यांनी धातूचे इतके बारीक थेंब केले की बहुतेक थेंबांच्या वाट्याला एकही परका कण येऊ नये, आणि तेव्हा ते थेंब गोठणबिंदूच्या कितीतरी खालीपर्यंत द्रवच राहिले. शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंबही असेच उणे ३८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाहीत. तुमचे द्रावण तुम्ही गाळले हे चांगलेच केले, पण साध्या गाळणकागदातून काही मायक्रॉनचे कण सहज निसटतात, आणि केंद्रकाच्या दृष्टीने असा कण म्हणजे प्रशस्त मैदान आहे. पहिल्या भांड्यात असा एखादा अनुकूल कण किंवा ओरखडा होता, दुसऱ्यात नव्हता, इतक्यावरही दोन्हींचा निकाल वेगळा लागू शकतो.

मग दुसरे भांडे सरकवताच चुरा का पडला? नुसत्या धक्क्यानेही केंद्रके धरल्याची उदाहरणे आहेत, परंतु माझा संशय आधी भांड्याच्या काठावर जातो. दोन दिवस उघड्या किंवा सैल झाकलेल्या द्रावणाच्या कडेला, जिथे पातळ थर काचेवर चढतो, तिथे पाणी उडून पांढुरका-निळा पापुद्रा धरतो. तो नीट उजेडाला धरून पाहा. त्यात नुसते डाग नसतात, सुटे स्फटिक असतात. भांडे हलवले की द्रावण त्या काठावरून फिरते, पापुद्रा सुटतो आणि शेकडो तयार स्फटिक अतिसंपृक्त द्रावणात पडतात. त्यांना कोणताच अडथळा ओलांडायचा नसतो, कारण ते क्रांतिक आकाराच्या कितीतरी पुढे गेलेले असतात. शिवाय, वाढणारा स्फटिक द्रावणात तरंगत असताना भिंतीवर, ढवळणीवर किंवा दुसऱ्या स्फटिकावर आपटला की त्याच्या पृष्ठभागावरून बारीक तुकडे सुटतात आणि तेही नवे स्फटिक म्हणून वाढू लागतात. याला दुय्यम केंद्रकनिर्मिती म्हणतात, आणि कारखान्यातल्या ढवळत्या रिअ‍ॅक्टरमध्ये बहुतांश स्फटिक याच मार्गाने येतात. एक स्फटिक असला की हजार व्हायला वेळ लागत नाही, ते यामुळे.

चुऱ्याचेही कारण आता सरळ आहे. १०० ग्रॅम पाण्यामागे जवळजवळ ३० ग्रॅम जास्तीचे मोरचूद एका झटक्यात वाटले जाणार असेल आणि वाटेकरी लाखो असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला कणभरच येणार. दुसऱ्या टोकाचे उदाहरण मेक्सिकोतल्या नाइका खाणीच्या गुहेत आहे. तिथे जिप्समचे ११ मीटरपर्यंत लांबीचे स्फटिक सापडले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचे कारण असे मांडले: जिप्सम आणि अ‍ॅनहायड्राइट ही कॅल्शियम सल्फेटची दोन खनिजे साधारण ५८ अंशांना सारखीच विद्राव्य असतात. गुहेतले पाणी दीर्घकाळ त्याच्या किंचित खाली राहिले. अ‍ॅनहायड्राइट हळूहळू विरघळत राहिले आणि त्या पाण्यात जिप्समची अतिसंपृक्तता नेहमीच नावापुरती राहिली. इतक्या क्षीण अतिसंपृक्ततेवर नवी केंद्रके जवळजवळ जन्मतच नाहीत. जी मोजकी आधी जन्मली होती त्यांनाच सगळे खाद्य मिळत गेले.

आतापर्यंत मांडले ते अभिजात चित्र आहे आणि त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. त्याच्या आधारे काढलेला केंद्रकनिर्मितीचा वेग मोजलेल्या वेगाशी कधीकधी कित्येक घातांनी जुळत नाही. कण एकेक करून येतात आणि येताक्षणीच शिस्तीत बसतात, हे त्यातले गृहीतक अनेक पदार्थांना लागू पडत नाही. १९९७ मध्ये टेन वोल्डे आणि फ्रेंकेल यांनी संगणकीय प्रतिरूपणातून दाखवले, की प्रथिनांसारख्या रेणूंचा आधी दाट पण अव्यवस्थित पुंजका बनू शकतो आणि त्याच्या पोटात मागाहून स्फटिकाची रचना उगवते. २००८ मध्ये कॅल्शियम कार्बोनेटच्या बाबतीत तर केंद्रके धरण्याच्या आधीच, आणि संपृक्ततेच्या खालीही, द्रावणात स्थिर पुंजके असल्याचे मोजमाप गेबाउअर, फ्योल्केल आणि क्योल्फेन यांनी प्रसिद्ध केले. त्या पुंजक्यांचे नेमके स्वरूप काय यावर वाद अजून चालू आहे. भांड्यापुढे उभे राहून निर्णय घेताना मात्र जुने चित्र दिशा बरोबर दाखवते, आणि मी त्याचा उपयोग तेवढ्यापुरताच करतो.

सुरुवात झाली नाही म्हणजे ती होणारच नाही, असे मानणे किती महागात पडते हे आमच्या क्षेत्राने रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधात पाहिले. ते १९९६ मध्ये बाजारात आले. १९९८ मध्ये त्याचे आधी कधीच न आढळलेले, अधिक स्थिर आणि कितीतरी कमी विद्राव्य स्फटिकरूप कॅप्सूलमध्ये दिसू लागले, आणि त्या कॅप्सूल मागे घेऊन औषधाची घडण बदलावी लागली. स्थिर रूपाचा अडथळा उंच होता, इतकेच. एकदा त्याची केंद्रके वावरू लागल्यावर जुने रूप शुद्ध मिळवणेही कठीण झाले.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. केंद्रक कधी जन्मेल हे ठरवता येत नाही, पण ते जन्मण्याची गरजच काढून टाकता येते. चुऱ्यातून किंवा बशीत पाणी उडवून मिळालेल्या स्फटिकांतून एक नितळ, धारदार कडांचा, जोडीला दुसरा न चिकटलेला स्फटिक निवडा. हा तुमचा बीज स्फटिक. उरलेले मोरचूद पुन्हा विरघळवा, पण ६० नव्हे तर ३० ते ३५ अंशांना संपृक्त होईल इतकेच. ते संपृक्ततेच्या आठ-दहा अंश वर थोडा वेळ धरून ठेवा, म्हणजे न दिसणारे तुकडे विरघळून जातील, आणि गरम असतानाच गाळा. भांड्याचा काठ ओल्या कागदाने पुसून घ्या आणि झाकण घट्ट बसवा. द्रावण संपृक्ततेच्या एखादा अंश वर असताना बीज गुळगुळीत नायलॉनच्या दोऱ्याने आत सोडा. सुती दोरा टाळा, कारण त्याच्या प्रत्येक तंतूवर केंद्रके धरतात. बीज किंचित विरघळेल आणि तेच हवे आहे. त्याच्या अंगावरची भुकटी त्याबरोबर धुऊन निघते.

पुढची पायरी नजरेची आहे. भांड्यामागे एक उभी काळी-पांढरी रेघ आखलेला कागद धरा आणि बीजाच्या भोवती पाहा. स्फटिक विरघळत असेल तर त्याच्याभोवतीचे द्रावण जड होते आणि त्याच्याखालून एक बारीक, थरथरती धार तळाकडे उतरताना दिसते. स्फटिक वाढत असेल तर त्याच्या लगतच्या द्रावणातला पदार्थ कमी होतो, ते हलके होते आणि तशीच धार वर चढते. धार उलटते तो क्षण म्हणजे तुमच्या द्रावणाचे खरे संपृक्तता-तापमान. तक्त्यातल्या आकड्यापेक्षा मी त्यावर अधिक विसंबतो, कारण तुमच्या मोरचुदातल्या अशुद्धीचा हिशेब त्यात आपोआप आलेला असतो. तिथून दिवसाला एक अंश, फार तर दोन, असे निववत जा. पेटीत किंवा कापडात गुंडाळलेल्या मोठ्या पाण्याच्या भांड्यात हे भांडे ठेवले तर हा वेग पाळणे सोपे जाते. तळाशी नवे दाणे दिसू लागले तर बीज बाहेर काढा, द्रावण गरम करून पुन्हा गाळा आणि मग बीज परत सोडा. दाणे तसेच राहू दिले तर ते वाट्यात भागीदार होतात. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हातमोजे वापरा आणि ही भांडी स्वयंपाकघरापासून वेगळीच ठेवा.

एकाऐवजी बरेच, पण एकसारखे स्फटिक हवे असतील तर विचार थोडा बदलतो, आणि तिथे तुमच्या द्रावणाचा अर्धस्थिर पट्टा मोजून घ्यावा लागतो. द्रावण ४० अंशांना संपृक्त करा, गरम करून पूर्ण स्वच्छ करा, गाळा आणि ठरावीक वेगाने, ठरावीक ढवळणीने निववा. बाजूने विजेरीचा प्रकाश टाकला की पहिली चमक स्पष्ट दिसते. ते तापमान लिहून ठेवा. पाठोपाठ तापमापकाचा पारा थोडा थांबतो किंवा चढतोही, कारण मोरचुदाचे स्फटिक बनताना उष्णता बाहेर पडते. मग तेच द्रावण पुन्हा गरम करून तीच कृती पुन्हा पुन्हा करा. प्रत्येक वेळी आकडा वेगळा येईल. सरासरीवर न जाता त्यांतला संपृक्ततेच्या सर्वांत जवळचा आकडा धरा. समजा, तो ३४ अंश आला, तर पट्टा सहा अंशांचा. आम्ही बीज साधारणपणे पट्ट्याच्या पहिल्या तृतीयांशात, म्हणजे इथे ३९ ते ३८ अंशांच्या दरम्यान, मोजून आणि आधी द्रावणातच भिजवून टाकतो, आणि ती भुकटी वाढीला लागेपर्यंत निववणे थांबवतो. त्यानंतर सुरुवातीला अगदी सावकाश आणि स्फटिकांचे एकूण क्षेत्रफळ वाढेल तसे अधिक वेगाने निववता येते, कारण मोठे क्षेत्रफळ जास्तीचा पदार्थ लगेच शोषून घेते आणि द्रावण पट्ट्याच्या दुसऱ्या कडेपर्यंत पोचत नाही. ढवळणी कडेला लागत नाही ना आणि स्फटिक तिच्या पात्यांवर जोरात आपटत नाहीत ना, एवढे पाहा. मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये जाताना हाच मुद्दा पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो, कारण तिथे पात्याच्या टोकाचा वेग आणि द्रावणाचे आकारमान दोन्ही बदललेले असतात आणि लहान भांड्यात मोजलेले सहा अंश तिथे चारच भरू शकतात.